वाढत्या मुलांचे वजन, उंची आणि रोजचा एक तास : खान्देशातील पालकांसाठी

खान्देशात मुलाचे गाल भरलेले दिसले की 'खात्यापित्या घरचं पोर' असे कौतुक होते आणि बरगड्या दिसू लागल्या की 'याच्या अंगी काही लागतच नाही' अशी काळजी सुरू होते. जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून मी दर वर्षी मुलांची उंची आणि वजन नोंदवत आलो आहे, आणि या दोन्ही उद्गारांमागे मोजमाप बहुतेक वेळा नसतेच, असा माझा अनुभव आहे. पालक येतात आणि 'सर, बेचाळीस किलो भरला, जास्त आहे का?' असे विचारतात. त्यांना उत्तर देण्याआधी मला मुलाचे वय, त्याची उंची आणि सहा महिन्यांपूर्वीचे वजन विचारावे लागते. या तीन गोष्टी माहीत नसतील, तर बेचाळीस या आकड्याला काहीही अर्थ नाही. ५ ते १८ वर्षांच्या मुलामुलींच्या ज्या पालकांनी आजवर अशी नोंद कधी ठेवलेली नाही, त्यांनी सुरुवात कोठून करावी आणि पुढे काय करावे, हे येथे क्रमाने सांगतो.

पहिली पायरी : नीट मोजा

उंची मोजण्यासाठी सरळ भिंत, सुतार वापरतात तसा पोलादी टेप आणि एक जाड पुठ्ठ्याचे पुस्तक पुरते. शिवणकामाचा कापडी टेप वापरू नये, कारण तो वापराने ताणला जातो. मुलाने अनवाणी उभे राहावे. टाचा, पार्श्वभाग, खांदे आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकवावी आणि नजर समोर ठेवावी. मुलींच्या वेण्या किंवा अंबाडा सोडायला सांगा. पुस्तक डोक्यावर आडवे ठेवून त्याची कड भिंतीला काटकोनात टेकवा, खालच्या कडेशी पेन्सिलीची खूण करा आणि जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचे अंतर मोजा. दोनदा मोजून दोन्ही वेळा अर्ध्या सेंटिमीटरच्या आत आकडा आला, तरच तो वहीत लिहा. दिवसभर उभे राहून आणि चालून पाठीच्या मणक्यांमधील चकत्या किंचित दबतात आणि संध्याकाळी उंची सकाळपेक्षा थोडी कमी भरते, म्हणून दर वेळी साधारण एकाच वेळेला मोजावे.

वजनाचा काटा कडक, सपाट फरशीवर ठेवावा. सतरंजीवर किंवा गोधडीवर ठेवलेला काटा चुकीचे वजन दाखवतो. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, हलक्या कपड्यांत वजन करावे. काटा बरोबर आहे की नाही हे तपासायचे असेल, तर न फोडलेली १० किलोची तांदळाची किंवा पिठाची पिशवी ठेवून पाहावी. एका वर्षी आमच्या शाळेतील काटा दोन किलो जास्त दाखवत होता आणि ते माझ्या लक्षात येईपर्यंत एका पूर्ण वर्गाच्या नोंदी चुकल्या होत्या. तेव्हापासून मी काटा तपासल्याशिवाय एकाही मुलाचे वजन लिहीत नाही. घरी दर आठवड्याला मोजू नये. वाढ हळू होते, काट्यावर रोज दिसणारा चढउतार पाण्याचा आणि पोटातील अन्नाचा असतो, आणि मुलाच्या मनात मात्र तो आकडा घर करून बसतो. संक्रांत, आखाजी (अक्षय्य तृतीया), पोळा आणि दिवाळी हे चार सण लक्षात ठेवले तर वर्षातील चार नोंदी आपोआप होतात. प्रत्येक नोंदीपुढे तारीख लिहावी, कारण या सणांमधले अंतर सारखे नसते.

दुसरी पायरी : आकड्याचा अर्थ लावा

किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, मिळतो. १२ वर्षांची मुलगी १४८ सेंटिमीटर उंच आणि ४० किलो वजनाची असेल, तर १.४८ गुणिले १.४८ म्हणजे २.१९, आणि ४० भागिले २.१९ म्हणजे साधारण १८.३. येथपर्यंतचे गणित मोठ्यांसारखेच आहे. फरक पुढे पडतो, आणि येथेच बहुतेक जण चुकतात. मोठ्या माणसांसाठी छापलेला तक्ता मुलांना लावता येत नाही, कारण वाढत्या वयात चरबी, हाडे आणि स्नायू यांचे प्रमाण सतत बदलत असते. ७ वर्षांचा मुलगा १२२ सेंटिमीटर उंच आणि ३० किलो वजनाचा असेल, तर त्याचा बीएमआय २० च्या थोडा वर येतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार तो स्थूलतेत मोडतो. १६ वर्षांचा मुलगा १७० सेंटिमीटर उंच आणि ५८ किलो वजनाचा असेल, तर त्याचाही बीएमआय २० च आहे, आणि तो त्या वयाला अगदी योग्य आहे.

म्हणून वय आणि लिंगानुसार काढलेले वाढीचे तक्ते वापरावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेचे ५ ते १९ वर्षांसाठीचे तक्ते २००७ सालचे आहेत. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये भारतीय मुलांसाठी ५ ते १८ वर्षांचे तक्ते दिले, आणि त्यांत जास्त वजनाची आणि स्थूलतेची रेषा प्रौढांच्या अनुक्रमे २३ आणि २७ या बीएमआयशी जुळवली आहे. या रेषा जागतिक रेषांपेक्षा खाली ओढण्याचे कारण असे की भारतीय शरीरात कमी बीएमआयलाही चरबीचे प्रमाण जास्त असते आणि मधुमेहाचा धोका लवकर सुरू होतो. बालरोगतज्ज्ञांकडे हे तक्ते असतात. एक प्रत मागून घ्यावी आणि आपली वही घेऊन बसून प्रत्येक नोंदीचा ठिपका स्वतः मांडावा.

एका ठिपक्यावरून निष्कर्ष काढू नये. तीन-चार ठिपके जोडल्यावर मुलाची रेषा तक्त्यातील छापील रेषेला समांतर जात असेल, तर मूल सडपातळ असो वा भरलेले, ते बहुधा आपल्या गतीने वाढत असते. रेषा वर किंवा खाली सरकू लागली, एक छापील रेषा ओलांडून दुसरीकडे निघाली, तर मात्र थांबून विचार करावा. जोडीला कंबर मोजावी: बेंबीच्या पातळीवरचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. रोज दंड-बैठका काढणाऱ्या किंवा कबड्डी खेळणाऱ्या किशोराचा बीएमआय स्नायूंमुळे जास्त येऊ शकतो, तेव्हा हे माप उपयोगी पडते.

वयात येण्याचा काळही समजून घ्यायला हवा. पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. मुलींची झपाट्याची वाढ बहुधा दहाव्या-अकराव्या वर्षी सुरू होते आणि मुलांची त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी, म्हणून सहावी-सातवीच्या वर्गात मुली मुलांहून उंच दिसतात. या काळात मुलींच्या मांड्या, नितंब आणि छातीवर चरबी वाढते. ती निसर्गाची गरज आहे. तिच्यावर 'आता कमी खा' हा उपाय करणे सरळ अन्यायाचे आहे.

तिसरी पायरी : उद्दिष्ट ठरवा

वजन जास्त असलेल्या वाढत्या मुलाचे वजन उतरवण्याची गरज बहुतेक वेळा नसते. उंची वाढत असताना वजनाची वाढ मंद ठेवणे पुरते. १० वर्षांचा मुलगा १४० सेंटिमीटर उंच आणि ४२ किलोचा आहे, असे धरा. त्याचा बीएमआय २१.४ येतो आणि तो जागतिक तक्त्यातील स्थूलतेच्या रेषेवर आहे. दोन वर्षांत त्याची उंची १५१ सेंटिमीटर झाली आणि वजन केवळ ३ किलोने वाढून ४५ झाले, तर बीएमआय १९.७ वर येतो आणि बारा वर्षांच्या मुलासाठी तो योग्य मर्यादेच्या आत असतो. त्याचे वजन एक किलोनेही उतरलेले नाही, उपासमार झालेली नाही, आणि तरीही तो रेषेच्या आत आला. हे गणित मी प्रत्येक पालकाला वहीत करून दाखवतो, कारण ते पाहिल्यावर घरातील घाई आणि धास्ती दोन्ही उतरतात. स्थूलता खूप जास्त असेल किंवा उंचीची वाढ पूर्ण होत आली असेल, तर वजन उतरवावे लागते, पण तो निर्णय डॉक्टरांचा आहे.

किडकिडीत मुलाच्या बाबतीत आधी त्याचा उत्साह पाहावा. रेषा समांतर असेल आणि मूल दिवसभर हुंदडत असेल, तर महागड्या पावडरींचे डबे आणण्याचे कारण नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत, खरे कुपोषण आजही आहे, आणि रोजगारासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या नोंदी मध्येच तुटतात. अशा कुटुंबांनी वही सोबत न्यावी आणि परतल्यावर पहिल्या आठवड्यात पुन्हा मोजावे. शाळेत १० वर्षांवरील मुलांना आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी आणि वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळी चुकवू नये. रक्त कमी असलेले मूल खेळताना लवकर धापा टाकते आणि मग 'आळशी' ठरते. भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण अधिक आहे. वारंवार हातपाय दुखणे किंवा कावीळ होत असेल, तर सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी करून घ्यावी, आणि सिकलसेल असलेल्या मुलाच्या व्यायामाची मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

चौथी पायरी : रोजचा एक तास

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी आहे की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस जोमदार तसेच स्नायू आणि हाडे बळकट करणारी हालचाल करावी. मध्यम म्हणजे बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही इतका श्वास वाढणे. जोमदार म्हणजे चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागणे. हे साठ मिनिटे एका दमात होण्याची गरज नाही. शाळेत सायकलने जाण्यायेण्याची वीस मिनिटे, मधल्या सुट्टीतील पंधरा आणि संध्याकाळची पंचवीस मिळूनही तास भरतो.

ज्या मुलाला हालचालीची सवयच नाही, त्याला पहिल्या दिवशी मैदानाच्या दहा फेऱ्या मारायला लावणे ही सर्वांत मोठी चूक आहे. ते मूल दुसऱ्या दिवशी पाय दुखतात म्हणून येत नाही, तिसऱ्या दिवशी हसतील म्हणून येत नाही आणि नंतर कधीच येत नाही. पहिल्या आठवड्यात रोज १५ मिनिटे भराभर चालणे किंवा आवडीचा खेळ ठेवा आणि दर आठवड्याला ५ मिनिटे वाढवा. दहाव्या आठवड्यात तास पूर्ण होतो. लठ्ठ मुलाच्या गुडघ्यांवर आणि घोट्यांवर आधीच भार असतो, म्हणून त्याला सुरुवातीला सायकल, पोहणे आणि चालणे बरे पडते. पोहणे विहिरीत, पाटात किंवा नदीत असेल, तर चांगले पोहता येणारा मोठा माणूस काठावर असल्याशिवाय मुलाला पाण्यात उतरू देऊ नये. तापी आणि गिरणेच्या पात्रातील डोह वरून शांत दिसतात.

लहान मुलांना 'व्यायाम कर' असे सांगण्यापेक्षा खेळायला सोडावे. लंगडीत एका पायावरचा तोल आणि पोटऱ्यांची ताकद वाढते, खो-खोत क्षणात उठून दिशा बदलावी लागते, लगोरीत नेम आणि धाव दोन्ही लागतात. दोरीवरच्या उड्यांना दोरीखेरीज काही लागत नाही आणि उडी मारून जमिनीवर येताना हाडांवर पडणारा भार किशोरवयात हाडे घट्ट करतो. लेझीम तर आपल्याकडे शाळाशाळांत पडून असते. वीस मिनिटांचा लेझमीचा सराव जोमदार व्यायामात सहज मोजता येतो आणि ज्या मुलांना स्पर्धेची भीती वाटते, तीही त्यात रमतात. वजने उचलल्याने उंची खुंटते, ही समजूत चुकीची आहे. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, हलक्या भाराने आणि योग्य पद्धतीने केलेला ताकदीचा व्यायाम मुलांना सुरक्षित असतो. धोका असतो तो एकमेकांशी पैज लावून जड वजन उचलण्यात.

मुलींबद्दल थोडे सविस्तर लिहितो. सातवीपर्यंत मैदानावर मुलांच्या बरोबरीने धावणारी मुलगी पाळी सुरू झाल्यानंतरच्या वर्षी मैदानाच्या कडेला उभी दिसते, आणि कारण विचारले तर 'आई नको म्हणते' एवढेच उत्तर मिळते. पाळी सुरू असताना खेळल्याने काहीही अपाय होत नाही. त्रास होत असेल तर त्या दिवशी जोर कमी करावा, एवढेच. हाडांमध्ये जेवढे कॅल्शियम साठवायचे, त्याचा फार मोठा हिस्सा याच वर्षांत साठवला जातो, म्हणून नेमक्या याच वयात तिला बसवून ठेवणे तिला आयुष्यभर महाग पडते. आखाजीला झाडाला झोके बांधले जातात आणि माहेरवाशिणींपासून लहान मुलींपर्यंत सगळ्या उंच झोके घेतात, गाणी म्हणतात. त्या दिवशी कोणी मुलीला 'सांभाळून बस' म्हणत नाही. तीच मोकळीक वर्षभर, गावाच्या मैदानावर, दोन-तीन मैत्रिणींच्या सोबतीने देता आली, तर तिच्यासाठी वेगळा व्यायामवर्ग शोधावा लागणार नाही.

उन्हाचा विचार आपल्या भागात वेगळा करावा लागतो. जळगाव आणि भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते. मार्चअखेरपासून चांगला पाऊस पडेपर्यंत खेळ सकाळी साडेसातच्या आत संपवावा किंवा संध्याकाळी साडेसहानंतर सुरू करावा. निघण्याआधी एक पेला पाणी आणि खेळताना दर वीस मिनिटांनी काही घोट प्यावेत. घरी आल्यावर मीठ घातलेले ताक किंवा कैरीचे पन्हे द्यावे. खेळता खेळता मूल असंबद्ध बोलू लागले, अडखळू लागले, अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा: सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

पोलीस भरतीच्या तयारीसाठी सोळा-सतरा वर्षांची मुले पहाटे रस्त्यावर १६०० मीटर आणि मुली ८०० मीटर धावताना आता गावोगावी दिसतात. त्यांची जिद्द मला मनापासून आवडते, म्हणूनच सांगतो: रोज सगळा जोर लावून धावू नका, आठवड्यातील एक-दोन दिवस पायांना विश्रांती द्या आणि अंतर हळूहळू वाढवा. नडगीचे हाड एका जागी दाबल्यावर दुखत असेल, तर धावणे थांबवून तपासून घ्यावे. गुडघ्याच्या वाटीखाली दुखणारा उंचवटा झपाट्याने वाढणाऱ्या मुलांत नेहमी दिसतो आणि उड्या कमी केल्यावर बहुधा बसतो. अंधारात धावताना फिके कपडे घाला आणि समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावा.

पाचवी पायरी : ताट

आपले जुने जेवण मुलांच्या वाढीला चांगले आहे. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या कळण्याच्या भाकरीत धान्य आणि डाळ एकमेकांची प्रथिनांतील उणीव भरून काढतात. तिच्यासोबत उडदाची डाळ किंवा मेथीची भाजी आणि हिवाळ्यात कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत असेल, तर ताटात फारसे काही वाढवावे लागत नाही. अडचण तेलाची आहे: शेवभाजीवरची तर्री, भरितावर ओतलेली फोडणी आणि सणासुदीचे तळण रोजचे झाले की तेच जेवण जड होते. तर्री खाली बसू द्यावी आणि पोळी तिच्यात बुडवण्याऐवजी भाजी वाढून घ्यावी.

केळ्याने मूल लठ्ठ होते, असे रावेर-यावलच्या केळी पिकवणाऱ्या घरांतही ऐकू येते. मध्यम केळ्यात साधारण १०० कॅलरी असतात आणि खेळायला जाण्याआधी त्याहून सोयीचा खाऊ नाही. तेच केळे तळून वेफर्स झाले किंवा साखर आणि आइस्क्रीम घालून शेक झाला, तर हिशेब बदलतो. बाटलीबंद गोड थंड पेयाच्या ३०० मिलिलिटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे सहा चमचे. घरात एकच बदल करायचा असेल, तर ही बाटली आणणे बंद करावे. मुलाला एकट्याला वेगळे ताट वाढू नये. बदल करायचा तो सगळ्या घराने करावा. 'ताट संपवल्याशिवाय उठायचे नाही' हा आग्रहही सोडावा, कारण त्याने मुलाला पोट भरल्याची जाणीव ओळखता येईनाशी होते.

सहावी पायरी : झोप आणि बोलणे

६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. कमी झोपलेल्या मुलाला भूक जास्त लागते आणि खेळायचा कंटाळा येतो. मोबाइल रात्री मोठ्यांच्या खोलीत ठेवावा, आणि मोठ्यांनीही त्या वेळी तो बाजूला ठेवावा.

'जाड्या', 'ढोल्या', 'काडी' ही नावे घरातून हद्दपार करावीत, मग ती लाडाने दिलेली असोत. चिडवल्या गेलेल्या मुलाने जिद्दीने व्यायाम सुरू केल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. लपून खाऊ लागल्याचे मात्र अनेकदा पाहिले आहे. वजनावर बोलण्याऐवजी जमलेल्या गोष्टीवर बोलावे: मागच्या महिन्यात तीस उड्यांना थांबत होतास, आज पन्नास झाल्या.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

वजन वाढते आहे पण उंची वाढत नाही, मानेची आणि काखेची त्वचा काळी आणि मखमली झाली आहे, रात्री मोठ्याने घोरून श्वास अडकतो, तहान आणि लघवी एकाएकी वाढली आहे, पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षे झाली तरी फार अनियमित आहे, विनाकारण वजन उतरते आहे किंवा मूल जेवण टाळून मुद्दाम ओकारी काढते, यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये. लठ्ठ किशोर लंगडू लागला आणि जांघेत किंवा गुडघ्यात दुखते म्हणाला, तर त्याला चालवू नये आणि त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे, कारण खुब्याचे हाड सरकलेले असू शकते. खेळताना छातीत दुखणे किंवा चक्कर येऊन पडणे झाले, तर तपासणी होईपर्यंत खेळ बंद ठेवावा. जाताना उंची-वजनाची वही न्यावी. दोन वर्षांच्या तारखांसह लिहिलेल्या नोंदी समोर असल्या की डॉक्टरांना कारण शोधायला पुष्कळ मदत होते.